मनकर्णामावशीचा हुरडा

हैदराबादेतल्या मराठी माणसांनी शेतकऱ्याकडून थेट भाजी घ्यावी, वर्षातून एकदा त्याच्या शेतावर जावं, त्याच्या बायकोला नावानं ओळखावं, हे खूळ सगळ्यात आधी माझ्या मावशीच्या डोक्यातून निघालं. आता सगळे सांगतात की ते रंजनाताईंनी सुरू केलं. हिमायतनगरला त्यांच्या दिवाणखान्यात त्याबद्दल मिळालेलं एक स्मृतिचिन्ह आहे, त्याच्यावर पितळी नांगर बसवलाय. रंजनाताईंनी आयुष्यात तेवढाच नांगर जवळून पाहिलाय, असं मी म्हटलं की मावशी रागावते. एवढं सगळं होऊनही माझ्यावरच रागावते. म्हणून म्हटलं, आपण लिहूनच टाकावं.

माझी मावशी म्हणजे मनकर्णा देवराव जाधव. माहेर देगलूरकडचं, सासर बिलोलीकडचं. देवरावकाका रेल्वेत खलाशी होते, म्हणून लग्न होऊन ती काचीगुड्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आली. काका अचानक गेले, मुलगा प्रज्ञेश तेव्हा शाळेत होता, आणि काकांच्या जागी तिला स्टेशनच्या पार्सल ऑफिसात शिपायाची नोकरी लागली. पोती मोजणाऱ्या, गठ्ठ्यांवर शिक्के मारणाऱ्या पुरुषांच्या गर्दीत ही एकटी बाई. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तिच्याविषयी वावगं बोललं, तेव्हा तिनं शिक्क्याची ओली शाई त्याच्या सदऱ्यावर उमटवली म्हणतात. ही गोष्ट मला तिनं नाही, तिथल्या जुन्या हमालानं सांगितली. म्हणजे मावशी काही गरीब गाय वगैरे नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. पुढचं वाचताना कुणाला तसं वाटेल म्हणून.

बालमणी तिला त्या स्टेशनावरच भेटली. महबूबनगरच्या लाईनवर एक खेडं आहे, तिथून सकाळच्या पॅसेंजरनं ही बाई भाजीच्या टोपल्या घेऊन यायची आणि व्यापारी येईपर्यंत पार्सल ऑफिसच्या पायरीवर बसायची. व्यापारी टोपल्यांकडं बघत बघत चहा प्यायचा, तोंड वाकडं करायचा आणि मनाला येईल तो भाव फेकायचा. मावशीला ते बघवायचं नाही. दोघींची ओळख झाली, मग मैत्री झाली. मावशीची भाकरी आणि बालमणीचा चिंचेचा भात पायरीवर एकाच फडक्यावर उघडला जायचा. मावशीला तेलुगू अर्धवट, बालमणीला मराठी शून्य, त्यामुळे दोघी दखनीत बोलायच्या आणि एकमेकींना अक्का म्हणायच्या. मोठी कोण हे दोघींनाही नक्की ठाऊक नव्हतं. बालमणीला मावशीची जात पहिल्यापासून माहीत होती. खेड्यातली बाई ती, पहिल्याच दिवशी विचारून मोकळी झाली होती. पण स्टेशनावर कोण बघतंय?

मावशी निवृत्त झाली आणि क्वार्टर सोडून चिक्कडपल्लीला एका खोलीत राहायला आली. प्रज्ञेश पुण्याला बँकेत. तो रविवारी फोन करतो, "जेवलीस का" विचारतो, ठेवतो. त्या इमारतीत मावशीला कुणी ओळखत नव्हतं. एकदा तापानं ती तीन दिवस पडून होती, आणि खालच्या वॉचमनला वाटलं की ती गावाला गेली. बरी झाल्यावर ती माझ्याकडं आली आणि हसत हसत म्हणाली, "दीपमाला, मी मेले असते तर वासावरून कळलं असतं बघ." हसली खरी, पण मला ते लागलं. तिला काही फार नको होतं. आपण एखाद्या रविवारी दिसलो नाही तर चार माणसांना चुकल्यासारखं वाटावं, एवढंच.

मग कोरोना आला, गाड्या बंद झाल्या, आणि बालमणीचा फोन आला की वांगी झाडावर सडतायत. त्या फोननं मावशी उठली. चिक्कडपल्ली, हिमायतनगर, काचीगुडा, जिथं जिथं दारावर मराठी नावाची पाटी तिनं कधी पाहिली होती, तिथं तिथं तोंडाला फडकं बांधून गेली आणि बेल वाजवून लांब उभी राहून सांगू लागली. "बालमणी म्हणून एक बाई आहे. तिचं शेत अमक्या ठिकाणी आहे. तिची वांगी काटेरी आहेत, भरल्या वांग्याला चांगली. शनिवारी सांगा, रविवारी टेम्पोत येतील." लोक आधी दार किलकिलं करून बघायचे. मग दोन घरांनी घेतली, मग दहांनी. रविवारी सकाळी माणसं पिशव्या घेऊन खाली उतरायला लागली, आणि एकाच गल्लीत वीस वर्षं राहून एकमेकांचं नाव माहीत नसलेली मराठी कुटुंबं टेम्पोपाशी उभी राहून बोलायला लागली. तिथंच कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणाला डॉक्टरचा पत्ता मिळाला. मावशी टेम्पोशी बसून भाजी निवडायची, जुड्या बांधायची, आणि पालकाची जुडी देताना ती कुणाच्या शेतातली आहे हे सांगितल्याशिवाय देत नसे. खाणाऱ्याला पिकवणारा माहीत पाहिजे, असं तिचं म्हणणं.

रंजनाताई त्या टेम्पोपाशीच आल्या. मूळच्या पुण्याच्या, कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या, यजमान विजयराव विमा कंपनीत मोठे अधिकारी होते. खोटं कशाला बोलू, बाईंना कामाचा उरक होता. त्यांनी गटाला 'शिवार' नाव दिलं, फोनवर ग्रुप काढला, सून पल्लवी गच्चीबावलीला सॉफ्टवेअर कंपनीत होती, तिच्याकडून तिकडच्या मोठ्या मोठ्या सोसायट्या जोडून घेतल्या. बालमणीच्याच नाही तर तिच्या गावातल्या आणखी चार घरांच्या भाज्या शहरात यायला लागल्या. बालमणीनं टोपली डोक्यावर घेऊन पॅसेंजर पकडणं सोडलं, तिच्या घरावर पत्र्याऐवजी स्लॅब आला. हे सगळं खरं आहे आणि चांगलं आहे, आणि त्यामुळेच पुढच्या गोष्टीचा राग जास्त येतो.

हुरड्याची कल्पना मात्र मावशीची. बालमणीच्या गावात सगळीकडं कापूस आणि मका. मावशीनं देगलूरहून गुळभेंडी ज्वारीचं बियाणं आणलं आणि बालमणीला अर्धा तुकडा पेरायला लावला. जानेवारीत कणसं दुधात आली, तेव्हा पंधरा-वीस घरं मिळून शेतावर गेली. जमिनीत आगटी खणली, गोवऱ्या पेटवल्या, निखाऱ्यात कणसं खुपसली. ज्यांनी हुरडा खाल्ला नाही त्यांच्यासाठी सांगते: भाजलेलं कणीस गरम असतानाच दोन तळहातांत चोळावं लागतं. मग दाणे तळव्यावर घेऊन फुंकर मारायची, तूस उडवायचं, आणि तसेच ते समोरच्याच्या तळव्यावर द्यायचे. ताट नाही, चमचा नाही. हातातून हातात.

मावशी आगटीशी मांडी घालून बसली आणि समोर रांग लागली. रंजनाताई पहिल्या. त्यांनी मावशीच्या हातातले हिरवे दाणे आपल्या हातात घेतले, तोंडात टाकले आणि डोळे मिटले. "काय गोड आहे हो! मनकर्णाबाई, तुमच्या हाताला चव आहे." मग वळून सगळ्यांना म्हणाल्या, "आपल्या मातीशी नातं म्हणतात ते हे." विजयराव तीनदा रांगेत उभे राहिले. पल्लवीनं मावशीच्या हातांचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. परतताना बसमध्ये मावशी खिडकीशी बसून आपली आपण हसत होती, आणि शेजारी बसायला बायकांत ओढाताण चालली होती.

त्या रात्री मी तिला विचारलं, "मावशी, ह्या लोकांना माहीत आहे का?"

"काय माहीत?"

"तुला कळतंय मी काय विचारतेय."

"मी कुठं लपवलंय? कुणी विचारलंच नाही." साडीवरची राख झटकत म्हणाली, "अन् आता विचारायचे दिवस राहिले का गं? शिकलेली माणसं आहेत."

जाधव आडनावात सगळं खपून जातं. त्यांनी मराठा धरलं असणार. मी तिला म्हणायची, रविवारी आपल्या विहारात येत जा, तिथं तुझ्या वयाच्या कितीतरी बायका आहेत. ती वंदनेला यायची, पण थांबायची नाही. "तिथं सगळी आपलीच माणसं. ती तर आहेतच," म्हणायची. आपली नसलेली माणसं आपली करायची हौस होती तिला. बाबासाहेबांच्या तसबिरीला रोज हार घालणाऱ्या बाईला ही हौस असावी, याचं मला कधी कौतुक वाटायचं, कधी संताप यायचा.

असे तीन-चार हुरडे झाले. दर वर्षी माणसं वाढत गेली.

गेल्या वर्षी वैशाखात मावशीनं चूक केली. चूक म्हणायचं तर म्हणा. बुद्धपौर्णिमेला आमच्याकडं खीर करतात आणि वाटतात. मावशी सकाळी पांढरी साडी नेसून विहारात जाऊन आली आणि भलं मोठं पातेलं चढवलं. मी म्हटलं, विहारातच वाटू. ती म्हणाली, "तिथं प्रत्येकाच्या घरी खीर आहे. जिथं नाही तिथं द्यायची." स्टीलचे डबे भरले, दोन पिशव्यांत घातले, आणि आम्ही दोघी रिक्षानं निघालो. शिवारच्या जुन्या घरांना, म्हणजे पहिल्या टेम्पोपासून जी होती त्यांना, एकेक डबा.

रंजनाताईंनी दार उघडलं. "अगोबाई, मनकर्णाबाई! या या. आज काय विशेष?"

"बुद्धपौर्णिमा ना ताई. आमच्यात खीर असते."

रंजनाताई हसत होत्या. हसू तसंच राहिलं, फक्त डोळे मावशीच्या पांढऱ्या साडीवर गेले, मग माझ्यावर, मग डब्यावर. "हो का? छान, छान," त्या म्हणाल्या. "ठेवा ना तिथं." तिथं म्हणजे दाराबाहेर चपलांच्या कपाटावर. आधीच्या वर्षी संक्रांतीला ह्याच बाईंनी मावशीला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं होतं. आज "या या" म्हणून दार धरून उभ्या राहिल्या. मावशीनं डबा कपाटावर ठेवला, पदरानं त्याचा तळ पुसून मग ठेवला, आणि म्हणाली, "गरम आहे अजून. लगेच खा."

आपल्याकडं शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. हे मी कुठल्या जातीचं सांगत नाही, अवघ्या मराठी मुलखाचं सांगतेय. चार दिवसांनी मावशीच्या इमारतीच्या वॉचमनकडं कुणीतरी एक मोठी पिशवी ठेवून गेलं. सगळ्या घरांचे डबे त्या एका पिशवीत. म्हणजे फोनाफोनी करून, गोळा करून, एकदम पाठवलेले. लख्ख घासलेले आणि रिकामे. मावशीनं एकेक झाकण उघडून पाहिलं.

"उन्हाळ्यात साखरेला मुंग्या लागतात," ती म्हणाली. "म्हणून नसेल घातली."

मला तेव्हा ओरडावंसं वाटलं. ओरडलेही. पण तिच्यावर ओरडून काय उपयोग?

त्यानंतर कुणी तिला काही बोललं असेल तर शपथ. हीच तर त्या लोकांची खुबी आहे. एक शब्द वावगा नाही. उलट मान वाढला. रविवारी टेम्पोपाशी तिच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची यायला लागली, जरा बाजूला, झाडाच्या सावलीत. "तुमचं आता वय झालं मनकर्णाबाई, तुम्ही कशाला वाकताय? तुम्ही फक्त मार्गदर्शन करा." जुड्या दुसऱ्या बायका बांधू लागल्या. मावशी उठून एखादी पेंडी हातात घेई, तर कुणीतरी हसतमुखानं ती काढून घेई. घेतलेली पेंडी टोपलीत परत जात नसे, ती टेम्पोच्या मागच्या कोपऱ्यात पडायची. मी हे दोन रविवार बघितलं. मावशी किती रविवारपासून बघत होती कोण जाणे.

"सोड ना हे," मी तिला म्हटलं. "काय अडलंय तुझं?"

"बालमणीला सोडू?"

"बालमणी काय, भेटशील तू. ह्या बायांना सोड."

"अगं, भाजी काय कुणीही निवडेल," ती म्हणाली. "पण हुरडा? त्यातल्या एकीला तरी कणीस भाजता येतं का? कच्चं काढतील नाही तर करपवतील. जानेवारीत येतील बघ माझ्याच दारात." असं म्हणताना तिचं तोंड उजळलं होतं. खुर्चीवर बसवलं तर बसवलं, आगटीपाशी आपल्यावाचून त्यांचं चालायचं नाही, आणि एकदा हातात हात आला की मनातलं किल्मिष जाईल, असा हिशेब तिनं मनाशी केला होता. तेवढ्या एका जागेवर ती सगळं पणाला लावून बसली होती.

आणि खरंच जानेवारीत रंजनाताईंचा फोन आला. "तुम्ही यायलाच हवं. तुमच्याशिवाय हुरडा कसला?" मावशीनं मला रजा काढायला लावली. नवी साडी नेसली. बसमध्ये तिच्या शेजारी मी होते, त्यामुळे कुणाला काही अडचण आली नाही.

या वेळी दोन बसगाड्या होत्या. गच्चीबावलीची तरुण मंडळी, त्यांची पोरं, काही तेलुगू, काही दिल्लीकडचे. शेताच्या तोंडाशी रंगीत फलक लावला होता: 'चला, शेतकऱ्याशी नातं जोडू या.' बालमणी लिंबाखाली उभी होती, तिला आधीच शाल घालून झाली होती. मावशीनं लांबूनच हात केला. बालमणीनंही केला, पण जागची हलली नाही. मला ते तेव्हा खटकलं नाही. पाहुण्यांच्या गडबडीत असेल म्हटलं.

मावशीनं आगटी स्वतः लावून घेतली. निखारे धरले, कणसं खुपसली, फिरवली. वास सुटला तशी पोरं धावत आली, रांग लागली. मावशीनं पहिलं कणीस बाहेर काढलं, राख झटकली, आणि हातावर घेणार तेवढ्यात पल्लवी पुढं आली. तिच्या हातात पातळ प्लास्टिकच्या हातमोज्यांचं पाकीट होतं, केटरिंगवाले घालतात तसले.

"मावशी, एक मिनिट. हे घालता का?"

"हे कशाला?"

"ऑफिसचे लोक आहेत ना या वेळी. हायजीन म्हणून. म्हणजे सगळ्यांसाठीच आहेत खरं तर."

"तू घातलेस?"

"मी कुठं चोळणार आहे?" पल्लवी हसून म्हणाली. वाईट मुलगी नाही ती. तिला पढवून पाठवलं होतं. पढवणाऱ्या बाई चार पावलांवर उभ्या राहून ज्वारीच्या ताटांकडं फार मन लावून बघत होत्या.

रांगेतल्या जुन्या घरांपैकी कुणी फोन काढला, कुणी पोराची टोपी नीट केली. तीनदा रांगेत उभे राहणारे विजयराव बुटावरची माती झटकू लागले. मी म्हटलं, "मावशी, ऊठ. चल."

"बस गं. कणसं करपतील."

"करपू दे!"

"लेकरं उभी आहेत," ती म्हणाली, आणि पल्लवीच्या हातातून तिनं मोजे घेतले. इतकी वर्षं झाली, मला त्या क्षणाचा राग गेलेला नाही, असं म्हणायला हवं. पण वर्षं कुठली, जेमतेम काही महिने झालेत. मोजे घालताना तिची बोटं अडकत होती, तिला ती सवयच नव्हती. मग तिनं पुन्हा ते कणीस उचललं आणि चोळलं.

निखाऱ्यातून काढलेलं कणीस उघड्या हाताला सोसतं, कारण हात क्षणोक्षणी उघडतो, मिटतो, जागा बदलतो. प्लास्टिक तसं करत नाही. ते आक्रसलं आणि तळव्यांना बसलं. मावशीचा चेहरा पांढरा पडलेला मला दिसला, पण तिनं कणीस टाकलं नाही. चोळून पुरं केलं, फुंकर मारली, आणि दाणे रांगेतल्या पहिल्या माणसापुढं धरले. कुणीतरी पोरगेलासा इंजिनिअर होता. त्यानं हात पुढं केला आणि मागं घेतला.

"आंटी, इसमें प्लास्टिक है."

"अगं बाई! नका, नका, कुणी खाऊ नका ते," रंजनाताई लगबगीनं आल्या. "बाजूला टाका. पोटात गेलं तर काय?" मग त्यांचं लक्ष हातांकडं गेलं. "अहो, इतकं गरम का घेतलंत? जरा बघून करायचं ना मनकर्णाबाई. आता मुलं घाबरली." पल्लवीच्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. मलम बसमध्ये आहे म्हणत ती पळाली. बस पार रस्त्यावर उभी होती, पाण्याचे कॅनही तिथंच.

मी मावशीला दंडाला धरून उठवलं. आम्ही दहा पावलं गेलो नसू, तोवर मागं रंजनाताई तिच्या जागी बसल्या. त्यांनी एक कणीस काढून जाड नॅपकिनमध्ये गुंडाळलं, वरून जेवणाच्या सामानातल्या लाटण्यानं बडवलं आणि नॅपकिन उघडला. "हे बघा, असंही होतं की!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. रांग पुन्हा लागली. दाणे थोडे ठेचले होते, पण कुणाची काही तक्रार नव्हती. मावशीनं वळून पाहिलं. तिनं पाहू नये म्हणून मी मध्ये उभी राहिले, तरी तिनं मान काढून पाहिलं, आणि मला म्हणाली, "जमलं की गं त्यांना." मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही.

जवळ पाणी म्हणजे लिंबाखालचं. बालमणी तिथं पाण्याच्या पितळी बिंदगीशी, म्हणजे घागरीशी, बसून होती. आम्हाला येताना बघून उठली. मावशीचे हात बघून तिनं "अय्यो" केलं, तोंडावर हात ठेवला. मावशी सरळ बिंदगीकडं वाकली, तशी बालमणीनं बिंदगी उचलून कडेवर घेतली आणि एक पाऊल मागं सरली.

"ठहरो अक्का. मैं डालती."

"जळालं गं. तांब्या दे इकडं," मावशी मराठीतच म्हणाली.

"नक्को. हातां नीचे धरो. उप्पर से डालती."

मावशी वाकल्या जागी थांबली. मग हळूहळू सरळ झाली. "बालमणी?"

बालमणी आगटीकडं बघत होती. तिथली काही माणसं आमच्याकडं बघत होती. ती खालच्या आवाजात म्हणाली, "रंजना मेडम पिछले हफ्ते आए थे. बिंदगी कू कौन कौन हात लगाते बोलके पूछे. घर में कौन आते पूछे."

"तू क्या बोली?"

"क्या बोलूँ मैं?" बालमणीचा आवाज फुटला. "इतने घरां तुमीच लाए ना, अक्का. ये घरां गए तो मैं फिर से टेशन पे टोकरा लेके बैठूँ क्या? तुमीच बोलो."

मी पुढं झाले. ती बिंदगी हिसकावून घ्यावी, लाथेनं उलटी करावी, त्या सगळ्या टाळ्या वाजवणाऱ्यांच्या देखत. मावशीनं कोपरानं मला मागं सारलं. तिच्या तळहातांवर मोज्यांच्या चिंध्या कातडीत रुतल्या होत्या आणि कडेनं फोड धरायला लागले होते. तिनं ते तसेच ओंजळ करून बालमणीपुढं धरले.

"नक्को बैठ टेशन पे," ती म्हणाली. "डाल."

बालमणीनं बिंदगी खांद्यापर्यंत वर उचलली आणि पाणी सोडलं.